बुटातला खडा

दांडेकर पुलाजवळ
यादोबांनी बूट उलटा केला,
आरीनं एक काळा खडा उपसला.
"कुठं हिंडवलेत हे?"

म्हटलं, बर्फावर.
नदीएवढा बर्फ, तोही चालतो,
पण चालताना दिसत नाही.
डावीकडे समुद्र, नऊ दिवस,
कडे तुटलेले, रस्ता एवढासा,
आणि भाड्याच्या गाडीत शाल्मली
मांडीवर नकाशा धरून,
न बोलता.
हे शेवटचं मात्र सांगितलं नाही.

यादोबा ओढ्याकडे बघत म्हणाले,
"आमच्या लहानपणी मंडईत लादी यायची
भुशात गुंडाळलेली.
घरी नेईस्तोवर निम्मी उरायची."

टाके घातले. वीस रुपये कमीच घेतले.

खडा खिशात.
सारसबागेपर्यंत दोनदा चाचपला:
अजून गार आहे का.