उणे अकरा

वेंता नदी इथे, धबधब्याखाली, तेवढी गोठत नाही.
म्हणून जानेवारीत सगळी रानबदकं इथेच,
गावातल्या एकुलत्या उघड्या दुकानात जमावं तशी.

मी पालथा पडतो, जुन्या टपालाच्या पिशवीवर.
एक बॅटरी कॅमेऱ्यात, दुसरी काखेत,
अंड्यासारखी उबवत.

काल दोनशे अकरा फोटो काढले.
त्यातल्या एकशे चाळिसात नुसत्या शेपट्या:
डोकं चिखलात, बूड आभाळाकडे,
केशरी पाय हवेत वल्हवताहेत.
आउस्मा म्हणाली, "इमांत्स, तोंडं कुठायत यांची?"
जेवताना कुणाचं दिसतं, म्हटलं.

आज सकाळी तिच्याच बेकरीच्या पायरीवर मी घसरलो,
सपशेल.
आत आउस्मा राईचे पाव रचत होती, पाठमोरी.
ते पाव आधीच रचलेले होते.

बर्फाच्या कडेला रांग झोपलीय,
चोची पाठीत खुपसून, एकेका पायावर.
टोकाच्या मादीचा बाहेरचा डोळा मात्र उघडा.
बऱ्याच वेळाने ती उठते, चार पावलं फेंगडी चालते,
रांगेच्या मधोमध घुसते.
आता डोळा उघडा ठेवायची पाळी शेजारणीची.
कुणी कुणाला काही सांगितलं नाही;
निदान मला ऐकू आलं नाही.

गलका करतात त्या माद्याच.
हिरव्या मानेचा नर नुसता घशात खरखरतो,
थंडीत सुरू न होणाऱ्या मोपेडसारखा.
सत्तावीस वर्षं तिच्यावरून पत्रं वाटली,
तो आवाज ओळखतो मी.

पलीकडे पिवळ्या डोळ्यांचा एक, काळापांढरा,
मान मागे टाकतो थेट पाठीला टेकेपर्यंत,
पायाने पाणी उडवतो.
जिच्यासाठी एवढं, ती बुडी मारून गेली.
तो पुन्हा करतो.
माझ्या फोटोत दर वेळी मान येते ती सरळ झालेली,
बँकेत रांगेत उभा असल्यासारखी.

तीन वाजता उजेड मळकट होतो.
काखेतली बॅटरीही मरते.
तेवढ्यात पुलावरून एक नर उतरतो,
पंख पसरून, पाय पुढे, मोठ्या ऐटीत,
पाणी समजून बर्फावर,
आणि घसरत, घसरत, बुडावर,
झोपलेल्या रांगेपाशी येऊन थांबतो.

कुणी मान वळवत नाही.
टोकाचा डोळादेखील मिटतो.
तो उठतो, छातीवरचं एक पीस उगाच नीट करतो,
मग दुसरं.

मी पुलाकडे बघत राहिलो.
कमानी मोजल्या.
सात.
कालही सातच होत्या.