वारा सरला का

खांदा दुखतो म्हटलं, तर डॉक्टर हसले.
दुर्बीण घालण्याआधी
हवा भरून पोट फुगवतात म्हणे,
त्यातली उरलेली वर चढते,
जुन्या भाडेकरूसारखी, निघता निघत नाही.
पिशवी काढली खालून
आणि ठणका उजव्या खांद्यात.

"वारा सरला का?"
सकाळच्या राउंडला सहा शिकाऊ पोरं
पायथ्याशी उभी राहून हेच विचारतात.
तीस वर्षं शिवडीच्या शाळेत शिकवलं,
मागच्या बाकावरून तो आवाज आला की
पट्टी आपटून अख्खा वर्ग गप्प केला.
आज त्याच आवाजावाचून
माझा चहा अडलाय.

निषादचा बंगळुरूहून फोन:
"आई, झालं का ते?"
'ते' म्हणतो. माझ्याच वर्गात होता.

शेजारच्या खाटेवर जयवंतीबाई तांडेल,
माहीमच्या बाजारात मासे विकते.
तिचा काल सरला. तिला पेज मिळाली.
"लाजतंस कोनाला गो," चमचा चाटत म्हणते,
"हितं सगल्यांनी आतून बघितलंय तुला."

मग चालणं.
एका हाताने टाक्यांवर उशी,
दुसऱ्यात लघवीची पिशवी,
एक काढली तर दुसरी दिली.
जिन्यापासून औषधांच्या खिडकीपर्यंत, परत.
काचेतून वडाळ्याची मोनोरेल दिसते,
दिवे लावलेली, आत कोणी नाही,
वळणावर रेंगाळते,
अन् माझंही वळणावरच अडतं काहीतरी,
असा पीळ, की भिंत धरावी.

रात्री डाव्या कुशीवर होते.
बेंबीखाली हललं.
टिचकीसारखं एकदा, मग सरकत सरकत.
निषादच्या वेळी पाचव्या महिन्यात
असंच हललं होतं, इथंच,
तेव्हा ह्यांना झोपेतून उठवलं होतं मी.
सवयीने हात गेला.
आता तिथे काही नाही.
नुसता वारा, ओळखीची वाट धरून.

साडेतीनला सरला.
लांबलचक, निर्लज्ज, वॉर्डभर.
पंखा तेवढा ऐकू येत राहिला.
मग अंधारातून जयवंतीबाई:
"शिस्टर, बाईंना च्या आना!"

हसू नका म्हणून बजावलेलं, टाके आहेत.
उशी घट्ट दाबून हसले,
पार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत,
आणि पुढे ते पाणी
हसण्याचं राहिलं नाही.

खांदा अजून दुखत होता.
चहा सहाला आला, बिनदुधाचा.