उंबरठ्यापासून

उत्तर समुद्रातल्या त्या बिनबांधाच्या बेटावर
गोंदेलिना केटेल्सननं एकतीस वर्षं
धक्क्याच्या खांबावरचे आकडे वाचले.
सकाळची भरती, रात्रीची भरती,
उधाण, भांग,
सगळं पेन्सिलीनं, कारण शाई थंडीत दगा देते.
पंधरा वह्या भरल्या. सोळावी अर्धी कोरी.
आता खांबाला पेटी बसवलीय,
ती दर मिनिटाला थेट आमच्या कचेरीशी बोलते.

मी तिथूनच आलो होतो, तिपाई आणि दुर्बीण घेऊन.
मातीच्या उंचवट्यावर चार घरं.
तो किती वाढवायचा, आणि आधी कुठल्या बेटावरचा,
हे तिच्या वह्यांवरून ठरायचं होतं.

चर्चच्या पायरीत पितळेची खूण आहे,
खाली ओकचे खुंट, पार घट्ट वाळूपर्यंत.
ती हलत नाही असं आम्ही धरून चालतो.
तिथून खांबापर्यंत तीनदा मोजलं,
तिन्ही वेळा तेच:
खांब अकरा सेंटीमीटर खचलाय.

म्हणजे तिनं लिहिलं तेवढं
पाणी चढलंच नव्हतं.
वह्या दुरुस्त होणार, आलेख थोडा वाकणार,
आणि यादीत बेट तिसऱ्यावरून नवव्या जागी.

स्वयंपाकघरात सांगितलं तिला.
तिनं न विचारता माझ्या चहात शहाजिऱ्याची दारू ओतली.
"म्हणजे मी चुकीचं वाचलं?"
नाही हो, वाचलं बरोबर. खांबच...
"मग या उंबरठ्याचंही माप घे."

पावसात पुन्हा तिपाई उभी केली.
कागद भिजला, तिनं छत्री धरली
माझ्यावर नाही, वहीवर.
तिच्या लग्नाच्या वर्षीचा जुना नकाशा काढला,
वजाबाकी केली.
उंबरठा: दहा सेंटीमीटर.

घर, गोठा, बदकांचं खुराडं,
सगळंच खांबासोबत खचत होतं, अगदी इमानानं.

"त्या डिसेंबरात," ती म्हणाली,
"मेंढ्या माडीवर चढवल्या आम्ही.
पाणी या दारात आलं
ते वहीतल्या आकड्याला आलं.
तुमची पितळेची खूण त्याला कुणी दाखवली नव्हती."

परतताना रुळांवरची ट्रॉली चिखल कापत होती,
ओहोटीत बगळे आपापल्या कामात.
अहवालात मी दोन रकाने केले:
चर्चपासून. उंबरठ्यापासून.
साहेबांनी विचारलं, दुसरा कशाला?
पहिला समुद्राचा, दुसरा माणसांचा,
असं म्हणायला हवं होतं.
मी म्हणालो, पूरक माहिती.

यादीचा निर्णय अजून नाही.
पेटी आकडे पाठवते, बिनचूक.
आणि नोव्हेंबरपासून टपालानं चिठ्ठ्या येतात,
पेन्सिलीच्या, सोळाव्या वहीतून फाडलेल्या.
पाण्याची उंची नसतेच त्यांत.
शेवटची अशी:
काल रात्री दारापासून पाणी सव्वीस पावलं.
आज एकोणीस.
मेंढ्या अजून खालीच आहेत.