हेलिकॉप्टरची दोरी

हर्णैला, बर्फाच्या कारखान्यामागे
बाबामियाँ हमदुल्यांचा व्हिडिओ होता:
ताडपत्री, एक टीव्ही, खोकणारा जनरेटर.
तिकीट दोन रुपये.
नसतील तर मूठभर सुके बोंबील चालत,
करदी चालत नसे, वास राहतो म्हणून.

होड्या वर ओढल्या की माणसांना कामच नसायचं.
'बारूद का दामाद' आम्ही एकोणीस वेळा पाहिला,
कारण दुसऱ्या पिक्चरची कॅसेट
खेडच्या एसटीत राहिली ती राहिलीच.

हिरोचं पिस्तूल सहा गोळ्यांचं,
आम्ही त्रेचाळीस मोजल्या.
खलनायकाचा वण मध्यंतरापर्यंत डाव्या गालावर,
पुढे उजव्या.
रक्त म्हणजे थेट कोकमाचं आगळ,
तेही पाणी घातलेलं.
आणि छातीत सुरा घेऊन मेलेला मित्र
हळूच नाकावरची माशी हाकलायचा.
सुंदराबाय चोगले तरी रडायची.
"मेल्यावर पन माशी सोडीत नाय बघ," म्हणायची,
आणि पदरानं नाक पुसायची.

शेवटी हेलिकॉप्टर.
हिरो एका हातानं लोंबकळतोय,
दुसऱ्या हातानं केस सारखे करतोय.
वर, ढगात, स्पष्ट दोरी.
"दोरी दिसत्ये! दोरी दिसत्ये!" आम्ही पोरं नाचायचो.
धाकू पावसे उठायचा.
हयात जाळी विणण्यात गेलेली, एक डोळा अधू.
टीव्हीला नाक लावून म्हणायचा,
"दोरी दिसूं दे रे. गाठ बघा.
सुटंल ती."

आणि ताडपत्रीखाली चिडीचूप.
एकोणीस वेळा चिडीचूप.
विमानातून पडणं आमच्यात कुणाला ठाऊक होतं?
सैल गाठ मात्र सगळ्यांना ठाऊक होती.

ती कधीच सुटली नाही.
तरी घरी जाताना धाकू चिडलेलाच असायचा,
हिरोवर नाही,
त्या वर बसलेल्या, न दिसणाऱ्या माणसावर.
"शिकवलं नसंल त्याला कोनी," म्हणायचा.
मग धक्क्यावर बसून
नायलॉनच्या तुकड्यावर मला शिकवायचा:
असा वळसा, अशी आत, आता ओढ.
परत ओढ.

परवा मुलीनं रत्नागिरीला नेलं, गार थेटरात.
पूल कोसळले, समुद्र उभा राहिला,
एक अख्खं शहर पत्त्यांसारखं खाली आलं.
सगळं इतकं स्वच्छ.
मी कोपऱ्यांत शोधलं, आभाळात शोधलं,
कुठं काही बांधलेलंच नव्हतं.
"बाबा, घोरत होतात," ती म्हणाली.
खरं असेल.

पहाटे टेम्पोवर बर्फाच्या पेट्या चढवल्या.
वळसा, आत, ओढ.
परत ओढली.
दापोलीच्या चढावर आरशात पाहिलं तर
दोरी दिसत होती.