उत्तेजनार्थ

जानेवारीत सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर
हस्तकला मेळा लागतो, तेव्हा दहा दिवस
मला काम असतं. माझं अक्षर चांगलं आहे,
बाकी शिक्षण विचारू नका.
पाट्या मी लिहिते: पिण्याचे पाणी, चौकशी,
आणि दालनातल्या प्रत्येक वस्तूपुढे उभं राहणारं
ते छोटं कार्ड. कृपया हात लावू नये.
यंदा एकशे बारा लिहिली.
शेवटी शेवटी 'नये'ची मात्रा द्यायचा कंटाळा आला.

नोंदणीचं रजिस्टरही माझ्याकडेच.
कवडू मिस्त्री पारडीहून आले,
सायकलच्या कॅरिअरला जुन्या ट्यूबनं बांधलेली तिवई.
शिवणीचे तीन पाय, वर अंबाडीच्या दोरीची वीण.
'फर्निचर लिहू की गृहसजावट?'
'बसाले होय, मॅडम.'
'दोनच रकाने आहेत, काका.'
ते रकान्यांकडे बघत राहिले,
आखूड कापल्या गेलेल्या फळीकडे बघावं तसे.
मी फर्निचर लिहिलं.

परीक्षक तीन.
एकीनं फोटो काढला.
एकानं विचारलं, यामागची संकल्पना काय?
'बसून पाहा ना, साहेब.'
साहेबांनी माझ्या कार्डाकडे पाहिलं.
नाही बसले.
तिसरे चहाला गेलेले, ते आलेच नाहीत.
की आले? खरं सांगते, आठवत नाही.

पहिलं बक्षीस बांबूच्या दिव्याला.
दिवा सुंदर होता, उगाच नावं ठेवणार नाही;
पेटवला की कनातीवर पानं हलायची.
तिवईला उत्तेजनार्थ.
वय एकसष्ट, त्यातली सेहेचाळीस रंध्यावर,
आणि प्रमाणपत्र म्हणतं, लावा अजून जोर,
पुढेमागे सुतार व्हाल.

समारंभाला पाहुणे दीड तास उशिरा.
हातानं घडवलेल्या लाकडाचा गौरव,
आणि आम्ही सगळे बसलेलो
मंडपवाल्याच्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर.
माझ्या खुर्चीचा एक पाय गवतात रुतत होता.
कवडूकाका शेजारी येऊन हळूच म्हणाले,
'हे बक्षीस कोनाले हाये? मले का तिवईले?'
म्हटलं, तुम्हाला.
'दोरी त सायत्रानं वळली.
अंबाडी भिजवाची, सोलाची, मांडीवर वळाची.
घट्टे पडले तिच्या मांडीले.
मानूस दोरीवर बसते, मॅडम.
मी त फक्त पाय देल्ले.'

प्रमाणपत्रांचा गठ्ठा माझ्या मांडीवरच होता.
श्री./श्रीमती, आणि पुढे टिंबांची ओळ,
एका नावापुरती.
सकाळीच भरली होती मी ती,
काळ्या शाईनं, वळणदार.
मी गठ्ठा उलटा करून ठेवला.
पाहुणे आले, टाळ्या झाल्या, काकांनी शाल
दोन्ही हातांनी घेतली आणि घडी मोडली नाही.

दहाव्या दिवशी तिवई विकली गेली.
त्रिमूर्तीनगरच्या एका बाईंनी
पंधराशेची साडेतेराशेला घेतली,
आणि रिक्षा बघायला बाहेर गेल्या.
तेवढ्यात काकांनी ती उलटी केली.
चौकटीखाली पेन्सिलीचे आकडे: इंच, सूत,
एका पायावर फुली.
कानावरची चपटी पेन्सिल माझ्यापुढे धरली.
'तुमचं अक्षर चांगलं हाये. तिचं नाव लिवा.'

कार्ड बाजूला सारून मी गुडघ्यांवर बसले.
लाकडावर लिहिणं सोपं नसतं.
नस आडवी आली की अक्षर आपलं ऐकत नाही.
'सा'चा काना भलतीकडे गेला,
'त्रा' घसरून पायाला जाऊन भिडला.
'झकास,' काका म्हणाले.
सायत्राबाईंना वाचता येतं का,
विचारायचं राहून गेलं.

माझं आजवरचं सगळ्यात वाईट अक्षर
सध्या त्रिमूर्तीनगरात आहे,
कुणाच्या तरी बुडाखाली.