भोकातला लाल दिवा

मॅक हैदराबादच्या चुलतभावाचा, वापरून दिलेला,
एका कोपऱ्याला पोचा.
त्यात मी विंडोज टाकली,
कारण टॉवेलच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर
दुसऱ्या कुठल्या घरी नांदत नाही.
नांदलं. वायफाय नांदलं, कीबोर्ड नांदला,
फक्त हेडफोन मुका.

मॅकच्या बाजूने चालू केला की वाजतो.
विंडोजच्या बाजूने केला की नाही.
कान तोच, वायर तीच,
माहेरी बोलते, सासरी गप्प.

हौसेला नाही मागत मी हेडफोन.
आमच्या भद्रावती पेठेत
खाली आठ माग, शेजारी बारा,
आणि बुधवारी रात्री नऊला
कोइमतूरचा व्यापारी फोनवर रंगांचे नंबर सांगतो.
मागच्या खेपेला सतराचं सत्तर ऐकलं,
पाचशे टॉवेल पिस्त्याचे पोपटी झाले.
अजून पोटमाळ्यावर आहेत. पाहुणा आला की एक देतो.

नव्या पेठेतला रिपेअरवाला म्हणाला, बोर्ड गेला. साडेसहा हजार.
मी म्हटलं, बघते.
ड्रायव्हर काढला, जुना टाकला,
तो काढून परत नवा टाकला,
रिस्टार्ट, रिस्टार्ट, चहा, रिस्टार्ट.
स्क्रीन दर वेळी तेच सांगायची:
हे उपकरण व्यवस्थित चालू आहे.
आमच्या सोसायटीचा चेअरमनही असंच सांगतो, पाण्याबद्दल.

मग सोमवारी लाइट गेली.
माग थांबले की आमच्या घरात शांतता होत नाही,
प्रत्येकाच्या कानात आपापली शिट्टी वाजते.
अम्माने सुपातली तंबाखू बाजूला सारली.
अंधारात लॅपटॉपच्या कडेला
हेडफोनच्या भोकात लाल ठिपका.
नायना वाकले.
"आत कोण विडी ओढतंय गं?"

तेव्हा मला उमगलं.
त्या भोकाला दोन कामं येतात,
वायर घातली तर आवाज,
काचेची केबल घातली तर उजेड.
आत केसाएवढी पट्टी असते, कोण आलंय ते सांगणारी.
ती अडकली होती.
यंत्राला वाटत होतं, काच आली आहे,
म्हणून ते माझ्या सगळ्या आवाजाचा
उजेड करत होतं
आणि रिकाम्या भोकात ओतत होतं.

नायनांना हे मी ओरडून सांगितलं, दोनदा.
एकतीस वर्षं जॉबर होते. हसले.
"म्हणजे आपला बाण्याचा काटाच की.
बाना धड असतो, धोटा धड असतो,
काटा अडकतो नि माग उगाच थांबतो.
शिकाऊ पोरं अख्खा माग खोलतात.
काट्याला कुणी विचारत नाही."

ते फणीचा हूक घेऊन आले.
लोखंड नको, मी म्हटलं.
मग खराट्याची काडी,
तिच्या टोकाला सुताचे दोन वेढे,
लाळेने बसवलेले.
मशीन बंद करून मी मोबाइलचा टॉर्च धरला.
तीन वेळा काही नाही.
चौथ्यांदा टक्.
मला ऐकू आलं. त्यांना बोटात कळलं.

चालू केलं. लाल नाही.
विंडोजची ती छोटी घंटी
आधी डाव्या कानात, मग उजव्या.

मी हेडफोन नायनांच्या डोक्यावर ठेवला,
आवाज शंभरावर नेला,
कोइमतूरवाल्याचं जुनं रेकॉर्डिंग लावलं.
ते भिंतीकडे बघत बसले.
बऱ्याच वेळाने म्हणाले, "लाव की."

अम्मा परत विड्या वळायला लागली होती.

झाकण मिटलं की दिवा अजून कधीकधी लागतो,
विंडोजच्या बाजूनेच. का, ते माहीत नाही.
काडी माझ्या कंपासपेटीत असते,
सूत दर महिन्याला बदलते.

बुधवारी नऊला फोन आला.
सतरा, तो म्हणाला.
सतरा ना? एकावर सात?
हो बाई, सतरा.
मी पुन्हा विचारलं.