फ्यूज काढल्यावर

गावाची लाईट मीच घालवली त्या रात्री.
पाणी डीपीच्या चौथऱ्याला लागलं तेव्हा
रबरी हातमोजे घालून तिन्ही फ्यूज उपटले
आणि पिशवीत टाकले, बाजारातली वांगी टाकावीत तसे.
एकतीस वर्षं हेस्कॉमचा खाकी शर्ट.
लाईट आली की कुणी नाव घेत नाही,
गेली की पहिली शिवी मला.
त्या रात्री कुणी शिवी दिली नाही.
त्यावरनं कळलं, पाणी मोठं आहे.

सदलग्याच्या अलीकडं आमची वस्ती, दूधगंगेच्या वळणात.
शाळेच्या माडीवर एकशे चाळीस माणसं,
अकरा शेळ्या, चौगुल्यांची तंबाखूची बोचकी.
मोबाईलच्या टॉवरनं चार तास धीर धरला,
मग त्याचंही डिझेल संपलं
आणि सगळ्यांच्या हातात काळ्या काचा उरल्या,
तोंड बघायला.

तेव्हा बिस्किटाचा डबा उघडला.
अक्काताई या डब्याला सवत म्हणायची.
आत तांबडा रेडिओ, कडेला फिरवायचा दांडा.
सेल वेगळे, कागदात गुंडाळून;
आत घालून ठेवले की रडतात,
हिरवं पाणी सोडतात, पत्रा खातात.
वहीएवढी सोलरची पाटी.
तांब्याची तार, आठ हात.
मेणात बुडवलेल्या दोन काडेपेट्या.

दोनशे वेढे मारले की दहा मिनिटं बोलतो.
पोरांनी पाळ्या लावल्या.
चौगुल्यांची अक्षता, वय बारा,
मोजायची मोठ्यानं आणि एकशे सत्तरला चुकायची,
की परत दीडशेपासून.
तिच्या पाळीला बातम्या जास्त मिळायच्या.

तार खिडकीच्या गजाला बांधली. काटा फिरवला.
सांगली लागली: धरणाचे दरवाजे, क्युसेक,
मग एकदम द्राक्षावरची भुरी.
केसभर सरकवला, धारवाड.
"मूवत्तु साविर," तुंगव्वा पुटपुटली,
मग आमच्याकडं वळून, "तीस हजार की ओ. अजून चढुलंय."
तिकडं मराठीत सोडलेलं पाणी
इकडं कन्नडमध्ये पोचतं.
मधे कुठं हद्द लागते ते पाण्याला विचारा.
नोकरी लागायच्या आधी
बोर्डांना डांबर फासत मीही हिंडलोय दोन वर्षं.
त्या रात्री तुंगव्वाच्या तोंडाकडं बघत बसलो,
ती कधी बोलते म्हणून.

दोन्ही स्टेशनांच्या मधे एक जागा होती,
नुसती खरखर, तापल्या तव्यावर मीठ टाकल्यागत.
म्हातारा बाळगोंडा म्हणाला, तिथंच ठेव जरा.
का, ते सांगितलं नाही.
आम्ही शंभर वेढे त्याला दिले.

मक्बूल शिंप्यानं मशीन डोक्यावरनं आणलं होतं.
लोकांनी धान्य आणलं, यानं लोखंड.
चाकाला सायकलचा डायनामो टेकवला
आणि पायडल मारत बसला रात्रभर,
सुईत दोरा नाही, खाली कापड नाही.
बल्ब एवढासा, पिवळा,
त्याचा पाय दमला की तांबूस होणारा.
त्या उजेडात आशाताईनं पाच जणांना इन्शुलिन टोचलं.
"मक्बूलभाई, जरा जोरात," एवढंच म्हणायची,
सुई वर धरून.

तिसऱ्या दिवशी ऊन आलं. पाटी गच्चीवर मांडली.
सगळे भोवती उभे, तिच्यावर सावली पडू नये
एवढं अंतर राखून,
बसदीत ओलेत्या माणसापासून राखतात तसं.

पाणी उतरल्यावर डीपी वाळवायला सहा दिवस गेले.
फ्यूज बसवले. "आलीऽ" म्हणून गाव ओरडलं.
नाव कुणी घेतलं नाही.
बरं वाटलं.

आता दर अमावस्येला डबा उतरवतो.
सेल तपासतो, दांड्याला तेलाचा थेंब.
लोक हसतात, उन्हाळ्यात कसला पूर?
पाटी अक्काताईच्या सांडग्यांशेजारी वाळत असते.
बाळगोंडा माघात गेला.

परवा भाकरी थापता थापता
तिनं पिठाच्या हातानं काटा सरकवला,
सांगली सोडली, धारवाडाच्या अलीकडं थांबली.
खरखर.
मी विचारलं नाही.
दांडा धरला आणि फिरवत राहिलो,
एकशे सत्तरपर्यंत. मग परत दीडशेपासून.